गाडीने येतोस म्हणे

कोरोइको, २० सप्टेंबर

चिरंजीव सातुर्निनो यास,

कासिल्दावहिनीचा तुझ्या डोक्यावर हात. तुझं पत्र ऑगस्टच्या मध्याला मिळालं, उत्तराला महिना लागला, त्याचं कारण पुढे येईलच. नोर्माची कंबर आता कशी आहे? मोठीचे पुढचे दात आले का, आणि धाकटा अजून झोपेत चालतो का? (चालत असेल तर त्याला गाडीत दाराजवळ बसवू नकोस. ही पहिली सूचना समज.) इकडे मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो चढणीला दुखतो, आणि आपल्या गावात चढणीशिवाय दुसरं आहे काय, तेव्हा ते सांगण्यात अर्थ नाही. कोंबड्या अंडी देतात. संत्र्याला यंदा बहर चांगला आहे. जेवण जातं. झोपेचं विचारू नकोस, ती तुझं पत्र येईपर्यंत चांगली लागत होती.

तू लिहितोस की तिकडे ब्वेनोस आयरेसमध्ये एक जुनी व्हॅन घेतली आहेस आणि नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, दादासाठी मांडायच्या तिसऱ्या मेजाला तिच्यातूनच येणार आहेस, बायकापोरांसकट, म्हणजे वाटेत पोरांना देशही दिसेल. देश! मी भिंतीवरच्या नकाशावर अंतर दोऱ्याने मोजलं. दोरा संपला, मग लोकर घेतली. पावणेतीन हजार किलोमीटर भरतं. आणि खाली लिहिलं आहेस, "वहिनी, तू इतकी वर्षं दादाच्या ट्रकमध्ये बसलीस, उपयोगाच्या चार गोष्टी कळव." मी कागद घेतला, वर 'एक' असा आकडा घातला आणि तासभर त्या एकाकडे बघत बसले.

कारण असं, की मला गाडीबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं तुझ्या दादाकडून, नेमेसियोकडून. अक्षरंसुद्धा. (तू तेव्हा लहान होतास. तुला वाटायचं वहिनी खिडकीतून नुसती बाहेर बघते. मी पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचायला शिकत होते. पुढे घरात पुस्तक म्हणजे एकच होतं, गाडीबरोबर आलेलं, तेच मी पाठ केलं. नेमेसियो विचारायचा, "काय वाचतेस?" मी म्हणायची, "ब्रेक." तो म्हणायचा, "शेवट सांगू नकोस.") तर ज्या माणसाला रस्त्याचं सगळं ठाऊक होतं, त्याने काही चूक केली असती तर मी तुला सांगितलं असतं, ती चूक करू नकोस, आणि स्वस्थ झोपले असते. पण त्याने चूक केली नाही. उतरणारी गाडी दरीच्या बाजूला, चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा आपल्या डोंगराचा नियम. समोरून बस चढत होती. तो कडेला गेला, थांबला, वाट दिली. खालची माती पावसाने भिजलेली होती, ती ट्रकसकट खचली. बसमध्ये अडतीस माणसं होती, ती घरी पोचली. त्या बसचा ड्रायव्हर अजून आपल्या घरासमोरून जाताना एकदा भोंगा वाजवतो. ते मला आवडतं की नाही, हे तीन वर्षांत ठरलेलं नाही.

म्हणून तुझा प्रश्न मला अवघड गेला. तू म्हणशील, वहिनी, नीट चालवलं की झालं. नीट चालवलं की होत नाही, एवढंच मला खात्रीने ठाऊक आहे. पण हे मेज शेवटचं, गेलेला माणूस तीनच वर्षं जेवायला येतो. यानंतर तो पुन्हा यायचा नाही, आणि त्याला पोचवायला रक्ताचं माणूस तू एकटाच उरला आहेस. तेव्हा येऊ नकोस हेही लिहिता येईना. मग वाटलं, ज्या रस्त्याबद्दल सांगायचं तो निदान एकदा स्वतः बघून यावा. मी जन्मात ला पाझच्या पुढे गेलेली नव्हते.

अपोलिनारभाऊंना विचारलं. ते तुला आठवत असतील, दादाचे मित्र, चाळीस वर्षं ट्रक चालवला, आता मिशी पांढरी झाली आहे. त्यांची बायको तिबुर्सिया म्हणाली, "हे एकटे जाणार नाहीत. मी पण येणार. मेलो तर सगळे बरोबर." (अशी धीराची माणसं बरोबर असावीत.) नेमेसियोने म्हातारपणासाठी घेऊन ठेवलेली जुनी जपानी जीप बाहेर काढली. आतल्या कोंबड्या हाकलल्या. मी बरोबर काय काय घेतलं ते लिहिते, तूही घे: दोन जादा चाकं, दोर, फावडं, दोन पिंपं पाणी, घोंगड्या, सुकवलेले काळे बटाटे, कोकाची पानं, लसूण, कात्री, आणि वर ला कुम्ब्रेच्या खिंडीतल्या कुत्र्यांसाठी पोतंभर पाव. त्या कुत्र्यांना विसरू नकोस. ती रस्त्याच्या कडेला एकेक बसलेली असतात आणि प्रत्येक गाडीत कोण आहे ते बघून ठेवतात. वेगात जाऊन पाव फेकायचा नाही, काच खाली करून, त्यांच्याकडे बघून द्यायचा. अपोलिनारभाऊंनी एका तपकिरी कुत्र्याला चुकून दिला नाही, तर आठ किलोमीटरवरून गाडी मागे फिरवून आणली. मी त्यांना हसले नाही.

आता कुठलाही शहाणा माणूस दूरच्या प्रवासाला निघण्याआधी गाडी कोपाकाबानाच्या माउलीपुढे नेतो, म्हणून दक्षिणेला जायचं असताना आम्ही आधी उत्तरेला गेलो. वाटेत तलावाची सामुद्रधुनी लागते. तिथे जीप एका लाकडी तराफ्यावर आणि माणसं दुसऱ्या होडीत. ज्या गाडीत बसायची भीती वाटते, ती आपल्याशिवाय पाण्यावर डुलत चाललेली बघितली की आणखी भीती वाटते, हे मला नवीन कळलं. तिबुर्सिया जपमाळ ओढत होती. मी तराफेवाल्याला विचारलं, "दादा, कधी बुडाला आहे का तराफा?" तो म्हणाला, "हा नाही." 

देवळासमोर गाड्यांची रांग होती. पाद्रीबाबा आले, बॉनेट उघडायला लावलं, इंजिनावर पाणी शिंपडलं, चाकांवर शिंपडलं, आमच्यावर उरलेलं शिंपडलं. अपोलिनारभाऊंनी धरणीमायला द्यायची बिअर चारही चाकांवर ओतली. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे. पण हाराचं काम तिबुर्सियाने अंगावर घेतलं. सगळे एक हार घालतात, तिने पाच आणले. खरी फुलं, कागदाची फुलं, फिती, झालरी, मध्ये माउलीची तसबीर, आणि ते सगळं तिने जीपच्या तोंडावर, जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तारेने आवळून बांधलं. बारा गाठी. शेजारच्या गाडीचा माणूस म्हणाला, "काकू, थोडी जीप दिसू द्या." तिबुर्सिया म्हणाली, "तुझ्यासारखा कंजूष माणूस पहिल्या वळणाला जातो." तो बिचारा जाऊन आणखी एक हार घेऊन आला.

अशा थाटात आम्ही दक्षिणेला निघालो. ला पाझ गेलं, ओरुरो गेलं. तुला वाटेल पठारावर भीती कसली, सपाट रस्ता, डोंगर दूर. मलाही तसंच वाटलं होतं. पण सातुर्निनो, मी डोंगरातली बाई. इथे निदान कुठे पडायचं ते दिसतं. तिथे काहीच नाही. झाड नाही, घर नाही, माणूस नाही, नुसता वारा, आणि तो वारा जणू तुझं नाव विचारत फिरतो. (दार उघडताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी कर, नाहीतर दार हातात राहतं.) चायापाता गाव तासाभरावर असताना बॉनेटमधून वाफ येऊ लागली. अपोलिनारभाऊ उतरले, टोपी काढली, टोपीनेच रेडिएटरचं झाकण धरलं आणि फिरवलं. मी म्हणाले, "भाऊ, पुस्तकात लिहिलंय, गरम असताना..." इतक्यात टोपी वर गेली. किती वर गेली ते सांगत नाही, तू खोटं म्हणशील. ती खाली आली ती मैदानात, आणि वाऱ्याने तिला कुठे नेलं ते माउलीला ठाऊक.

गाडी थंड झाली, पाणी भरलं, निघालो. दहा मिनिटांत पुन्हा वाफ. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा मी खाली उतरले आणि जीपच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिला तोंडच राहिलेलं नव्हतं. वारा आत जायला जागा नाही. आणि इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, बटाटा शिजवणाऱ्या कोणत्याही बाईला हे कळतं. मी म्हणाले, "भाऊ, हार काढायला हवा." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी म्हणाले, भाऊ, तुमचं डोकं काढायला हवं.

"वहिनी, माउलीने घातलेला हार माणसाने काढायचा नसतो. वाऱ्याने जाईल तेव्हा जाईल. माझ्या बापाने कधी काढला नाही."

"तुमच्या बापाने बारा गाठी मारल्या नव्हत्या."

"मग आता माझ्या गाठी वाईट का?" तिबुर्सिया म्हणाली.

"पुस्तकात लिहिलंय, जाळीवर वारा लागला पाहिजे."

"पुस्तक लिहिणारा जपानी," अपोलिनारभाऊ म्हणाले. "त्याला माउली काय माहीत?"

इतक्यात मिठाचा एक ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हर काचेतून बाहेर वाकून ओरडला, "लग्न कुणाचं हो? नवरी उकळायला लागली!" मग उतरला, जाळी बघितली, म्हणाला, "हार काढा की, काय वेडे आहात?" अपोलिनारभाऊ म्हणाले, "तू काढ." तो हसत पुढे आला, तसबिरीवर नजर गेली, हसू गेलं, छातीवर क्रूस केला. म्हणाला, "मला अजून पोतोसीपर्यंत जायचंय," आणि गेला. म्हणजे वेडे आम्ही तिघंच नव्हतो.

दुपारचे तीन झाले होते. त्या पठारावर सूर्य गेला की पाण्याची पिंपं गोठतात, आणि आमच्यातला सगळ्यात तरुण माणूस म्हणजे मी, अठ्ठावन्न वर्षांची. मी कात्री घेतली. तुला खरं सांगते, मला जेवढी भीती त्या क्षणी वाटली तेवढी आयुष्यात दोनदाच वाटली आहे. मी मनात म्हणाले, नेमेसियोच्या ट्रकला दरवर्षी हार असायचा. त्या दिवशीही होता. (हे तिबुर्सियाला मोठ्याने म्हणाले नाही. तूही म्हणू नकोस.) एकेक गाठ कापताना मी माउलीची माफी मागितली, बारा वेळा, आणि गाठींबरोबर माझी दोन बोटंही कापली. सगळा हार उतरवून मागच्या सीटवर ठेवला. जीपला श्वास घ्यायला जागा झाली. आणि मग अपोलिनारभाऊ किल्ली माझ्यापुढे धरून म्हणाले, "वहिनी, उघड्या गाडीच्या चाकाला मी हात लावणार नाही. चाळीस वर्षांत लावला नाही. हार तू काढलास, आता गाडीही तूच चालव."

मी म्हणाले, मला येत नाही. ते म्हणाले, तुला पुस्तक येतं. तिबुर्सिया मागे हारापासून जमेल तितकी लांब बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

पुस्तकात लिहिलं आहे, क्लच हळूहळू सोडावा. किती हळू ते त्या जपान्याने लिहिलेलं नाही. जीपने चार उड्या मारल्या, पाचव्या उडीला चालू लागली. मी वीसच्या वेगाने चालवत होते. सायकलवरचा एक म्हातारा मागून आला, पुढे निघून गेला, आणि जाताना त्याने टोपी काढली, अंत्ययात्रेला काढतात तशी. तरी मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात समोर एक ट्रक दिसला, दूर, माशीएवढा. तो दिवे लावू-विझवू लागला. अपोलिनारभाऊ ओरडले, "उजवीकडे! वहिनी, उजवीकडे!" मी डावीकडे चालले होते. तू म्हणशील, का? कारण मी जन्मभर आपल्याच रस्त्यावर शेजारी बसले. इथे डाव्या बाजूने चालवतात, आणि समोरून कोणी आलं की नेमेसियो डावीकडे, दरीच्या कडेला जायचा, वाट द्यायला. माझ्या हातांनी तेच केलं. सपाट मैदानावर मी दरीची कड शोधत होते, आणि दरीच नव्हती.

ट्रक थांबला, मी थांबले. (थांबले म्हणजे जीप बंद पडली.) तो ड्रायव्हर खाली उतरून आला, मिशा फुरफुरवत. "बाई, कुठल्या तुम्ही?"

मी म्हणाले, "कोरोइकोची."

त्याच्या मिशा खाली आल्या. "तरीच," तो म्हणाला. "अहो मावशी, इथे शंभर किलोमीटरमध्ये दरी नाही. पडायचं म्हटलं तरी जागा मिळायची नाही. उजवीकडे राहा." आणि त्याने स्टिअरिंगवरचा माझा उजवा हात दोनदा थोपटला, कुठला उजवा ते कळावं म्हणून.

सूर्य जायच्या आत चायापाताला पोचलो. स्टिअरिंगवरून माझी बोटं तिबुर्सियाने एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी अपोलिनारभाऊंनी तिथल्या पाद्रींकडून जीपवर पुन्हा पाणी शिंपडून घेतलं (मी आधीच सांगितलं, फुलं नकोत) आणि मग चाक हातात घेतलं, पण तोंड घराकडे वळवून. तेव्हा चायापाता ते वियासोन, हा सीमेपर्यंतचा रस्ता मी पाहिलेला नाही, आणि म्हणून त्याची मला बघितलेल्या रस्त्याच्या दुप्पट भीती वाटते.

तरी तू विचारलंस म्हणून जे आहे ते सांगते. अंधार पडायच्या आत कुठल्यातरी गावात शीर, गाव कितीही वाईट असो. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर उतरू नकोस. उतार सुरू व्हायच्या आधी सपाटीवर ब्रेक दाबून बघ, आणि बघितल्यावर पुन्हा एकदा बघ. डोकं दुखलं तर कोकाचं पान चघळ, गाडी चालवत राहू नकोस. पोरांना खिडकीतून हात काढू देऊ नकोस. हार घाल, पण बाजूला घाल. आणि सगळीकडे उजवीकडून चालवत आलास तरी ला पाझवरून आपल्याकडे उतरताना डावीकडून, हे विसरू नकोस. तू चौदा वर्षांत त्या रस्त्याने उतरलेला नाहीस, आणि तू उतरायचास तेव्हा मागच्या फळीवर कणसं खात बसलेला असायचास.

पण हे सगळं लिहून झालं, वाचून बघितलं, आणि यातली प्रत्येक गोष्ट नेमेसियोला ठाऊक होती. म्हणून माझं ऐक, व्हॅनने येऊ नकोस. व्हॅन तिकडेच ठेव. सीमेपर्यंत बसने ये, ला पाझपर्यंत बसने ये, आणि पुढे मी म्हटलं त्या भोंगा वाजवणाऱ्या ड्रायव्हरच्या बसने. तो वळणावर इतका हळू जातो की लोक त्याला शिव्या देतात. आणि बसनेही भीती वाटत असेल, तर येऊच नकोस. मी मेज मांडीन, पावाच्या बाहुल्या भाजीन, तुझ्या नावाची एक जास्त ठेवीन. नेमेसियो समजूतदार होता, रागावणार नाही. नोर्माला आणि पोरांना माझे आशीर्वाद. कंबरेला गरम मिठाची पिशवी लाव म्हणावं.

तुझी वहिनी,
कासिल्दा

ता. क. अपोलिनारभाऊ नमस्कार सांगतात. ते गावात सगळ्यांना सांगत फिरतात की त्यांनी मला गाडी शिकवली. तुला भेटून सांगितलं तर हो म्हण. त्यांच्यासाठी तिकडून एक टोपी आण.

ता. क. दुसरा. टोपी आण असं लिहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू येणार असं धरूनच मी लिहिते आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. वर येऊ नकोस लिहिलंय ते वाचून तू खरंच येणार नाहीस, असं मनात आलं, आणि ती भीती बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठी निघाली. त्याला मला एकटीने पोचवता येणार नाही, सातुर्निनो. दोन वर्षं मेजापाशी मी एकटी बसले, तो येतो तेव्हा मला एकटीला चालतं, पण तो जाणार तेव्हा नाही. तेव्हा ये. व्हॅननेच ये. फक्त एक कर. ला कुम्ब्रेला थांब, तिथून खाली एकटा उतरू नकोस. मी वर येऊन थांबते. कुठल्या दिवशी पोचशील ते तुलाही सांगता येणार नाही, म्हणून ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेपासून रोज सकाळच्या पहिल्या ट्रकने येईन आणि शेवटच्याने परत जाईन. मी दिसले की नोर्माला मागे बसव, मी पुढे बसेन. प्रत्येक वळणाच्या अलीकडे तू गाडी उभी करायची. मी उतरून वळणापलीकडे जाऊन बघेन, समोरून कोणी नाही, माती कोरडी आहे, आणि मी हात केला की मगच तू यायचं. वळणं किती आहेत ते मी मोजलेलं नाही, मोजली तर माझं धैर्य जाईल. सबंध दिवस लागेल. पोरं कंटाळतील. कंटाळू देत. कंटाळलेली पोरं जिवंत असतात.